श्रीखंडाची वाटी आणि गोऱ्हा

१९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन प्रभृतींनीं दूधही वर्ज्य मानणारी ‘व्हीगन सोसायटी’ स्थापिली. मांसाहारी समाजांत जनावरांची बाजू मांडणाऱ्या ह्या मूठभर मंडळींस पहिला अडसर कोणाचा झाला? खाटकांचा नव्हे, शाकाहारी मंडळाचा! आपल्या मासिकांत दूध न घेणाऱ्यांस वेगळी जागा देण्यास त्यानें साफ नकार दिला. वस्तुतः त्यांचें म्हणणें साधें होतें. गाय व्याल्यावांचून दूध नाहीं, आणि दुधाच्या धंद्याला निरुपयोगी ठरलेला गोऱ्हा तिकडे बहुधा खाटिकखान्यांतच जातो. मग शाकाहाऱ्यानें खाटकास नांवें कोणत्या तोंडानें ठेवावीं? आमचे अहिंसेचे अभिमानी ह्या प्रश्नास विक्षिप्तपणा म्हणून हंसतात. श्रीखंडाची वाटी पुढें ओढून मीही पन्नाशीपर्यंत हंसलों.