बंद पडल्यावर काय?

कामासाठी हलका, महागडा लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की हल्ली निकाल आधीच लागलेला असतो: मॅकबुक एअर घ्या, लेनोवोच्या थिंकपॅड एक्स१ कार्बनवर जास्तीचे पैसे कशाला घालवायचे? हे मत निराधार नाही. २०२० मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आल्यापासून एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. शिवाय एका चार्जवर कामाचा दिवस आरामात निघतो. वजनाचा वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. १३ इंची एअर १.२४ किलोचा, तर बाराव्या पिढीचा एक्स१ कार्बन १४ इंची असूनही सुमारे १.०९ किलोचा. खरी अडचण अशी की एअरची सगळी वाहवा तो धड चालू असतानाची आहे. ज्याचं पोट यंत्रावर चालतं, त्याने ते बंद पडल्यावर काय होणार हे आधी विचारावं, आणि या प्रश्नावर एक्स१ कार्बन सरस ठरतो.

एअरमध्ये फायली ज्या चिपवर साठतात ती मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. त्यातला डेटा कूटबद्ध असतो आणि तो उघडण्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये. बोर्ड गेला आणि दुरुस्त झाला नाही, तर फायलीही गेल्या. एक्स१ कार्बनचं मागचं झाकण मोजके स्क्रू सैल केले की निघतं. आत बोटाएवढ्या रुंदीची एसएसडी पट्टी एका स्क्रूवर बसवलेली दिसते. ती काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची किल्ली हाताशी असली, तर अर्धवट राहिलेलं टेंडर किंवा हिशेब त्याच दुपारी दुसऱ्या संगणकावर उघडतो. बॅटरीही स्क्रूंवरच बसते, गोंदाने चिकटवलेली नसते. यंत्र कसं उघडायचं हे सांगणारी पुस्तिका लेनोवो स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देते. गल्लीतल्या कारागिरालाही ती पुरते.

यावर कोणी म्हणेल, बॅकअप ठेवला की प्रश्न मिटला. बॅकअप हवाच, कारण एसएसडीही मरते. पण शेवटच्या बॅकअपनंतरचे चार तास त्यात नसतात, आणि मुदतीच्या दिवशी नेमके तेच हवे असतात. दुसरा आक्षेप किमतीचा. २०२५ चा एम४ एअर भारतात ९९,९०० रुपयांपासून मिळू लागला. एक्स१ कार्बन त्याहून बराच महाग, हे खरं. पण त्या एअरमध्ये साठवण २५६ जीबी होती. ५१२ हवी तर खरेदीच्या वेळीच आणखी वीस हजार मोजावे लागत, कारण पुढे ती वाढवता येत नाही. एक्स१ कार्बनमध्ये मोठी एसएसडी दोन वर्षांनी बाजारभावाने बसते. एचडीएमआय आणि जुन्या यूएसबीची खाचही त्याच्या अंगावरच आहे, त्यामुळे सभागृहातल्या प्रोजेक्टरसाठी अडॅप्टर शोधत फिरावं लागत नाही. या सोयींचे पैसे मोजणं मला उधळपट्टी वाटत नाही.

एअरची बॅटरी जास्त टिकते, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. दिवसदिवस प्लगपासून लांब राहणाऱ्या वार्ताहराने किंवा सर्वेक्षकाने एअरच घ्यावा, आणि रोज रात्री बॅकअप घ्यावा. बाकीच्यांनी एक्स१ कार्बन घ्यावा. फक्त त्याचीही रॅम सोल्डर केलेलीच असते, तेव्हा शक्य असेल तर ३२ जीबीचाच मागवावा.