घोडा आधी की प्यादे आधी?

विद्यार्थी मित्रहो, तुमची शाळा शिरूरची असो की भीमेपलीकडच्या दौंडची, बुद्धिबळ शिकताना दोन नियम हमखास कानी पडतात. पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापा, आणि सुरुवातीला एकच मोहरे पुन्हा पुन्हा हलवू नका. हे दोन्ही नियम मोडणारा आलेखिनचा बचाव तुम्ही काळ्या मोहऱ्यांनी अवश्य खेळावा आणि शिक्षकांनी तो खेळू द्यावा, असे माझे मत आहे.

पांढऱ्याने राजापुढचे प्यादे ई४ वर आणले की काळ्याने घोडा एफ६ वर काढायचा. (शिरूरला घोडनदी म्हणणाऱ्यांना ही खेळी आवडावी!) प्यादे ई५ वर येऊन घोड्याला हुसकावते, तो डी५ वर जातो. दुसरे प्यादे सी४ वर येते. घोडा बी६ वर सरकतो. तीन खेळ्या, आणि तिन्ही एकाच घोड्याच्या! मग काळ्याने मिळवले काय?

प्यादे मागे फिरत नाही, हे ध्यानात घ्या. पुढे धावलेल्या प्रत्येक प्याद्याला आता राखण लागते, आणि काळा डी६ खेळून ई५ वर हल्ला चढवतो. समजा, पांढऱ्याने लोभाने सी५ खेळून घोड्याला पुन्हा हाकलले. घोडा परत डी५ वर! या घरावर पांढऱ्या प्याद्याचा मारा सी४ किंवा ई४ वरूनच होतो, आणि ती दोन्ही प्यादी तर पुढे निघून गेली. एखादे प्यादे मारामारीतून बाजूच्या उभ्या ओळीत आले तरच घोड्याला त्याचे भय.

मात्र दुसऱ्या खेळीला घोडा ई४ वर नेऊ नका. पांढरा डी४ खेळेल, आणि तुम्ही गाफील राहिलात तर एफ३. जी५ हे घर मोकळे दिसेल, पण तिथे सी१ वरचा उंट टपलेला असतो.

आलेखिनने हा बचाव १९२१ साली बुडापेस्टला खेळला. १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात फिशरने तेराव्या डावात याच बचावाने स्पास्कीला हरवले. मध्य दुरून आवरण्याच्या या विचाराला युरोपात ‘अतिआधुनिक’ म्हटले गेले, याची मला गंमत वाटते. कारण कलकत्त्याला महेशचंद्र बॅनर्जी कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूविरुद्ध १८५५ साली जो बचाव खेळले, तोच १९२२ साली ग्रुनफेल्डने खेळल्यावर त्याच्या नावाने प्रसिद्ध झाला! बॅनर्जी वाढले ते देशी नियमांत, जिथे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके. मध्य घाईने न व्यापण्याची सवय त्यातूनच आली असावी.

शिक्षकांना एवढीच विनंती, की ‘नियम मोडलास’ म्हणून विद्यार्थ्याला थांबवू नका, ‘का मोडलास?’ असे विचारा. मुलांनी दहा डाव खेळून सर्व खेळ्या वहीत लिहाव्यात आणि हरलेल्या डावात अडचण कोठे सुरू झाली ते शोधावे. या बचावात काळ्याला जागा कमी मिळते, हे खरेच आहे. त्यातून पांढऱ्याने डी४ पाठोपाठ एफ४ खेळून चार प्यादी एका फळीत उभी केली, तर कसोटी कठीण. तेवढा डाव स्पर्धेआधी घरी मांडून पाहा.