पॅक म्हणणारा भित्रा?

पोकरच्या स्पर्धेत बक्षिसांच्या अगदी उंबरठ्यावर पत्ते टाकणाऱ्याला (घरच्या तीन पत्तीत आपण 'पॅक' म्हणतो, तेच) भित्रा ठरवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही.

लास वेगासच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा घ्या. २०२३ साली प्रवेशिका १०,०४३, प्रत्येकी १०,००० डॉलर. बक्षिसं १,५०७. त्यातलं शेवटचं १५,००० डॉलरचं. अशा वेळी माझ्याकडे मध्यम चिप्स असतील आणि माझ्याहून गब्बर भिडूने सगळं पुढे लोटलं, तर मी एक्का-राजासुद्धा टाकून देईन. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही; हरलो तर मात्र सगळंच जातं.

पण सगळेच असे दबकून बसतात, म्हणून आपण आधी लोटण्यात मजा आहे! समोरचाही एक्का-राजा टाकतोच की. आणि पहिलं बक्षीस होतं १ कोटी २१ लाख डॉलर. नुसतं पॅक-पॅक करून तिथवर कोण पोचणार?

आता, स्वस्तातल्या पात्रता फेरीतून आलेल्या एखाद्याची वर्षाची कमाईच १५,००० नसेल. त्याने खुशाल बसावं. त्याला कसलं गणित शिकवायचं?