आकडे फिरवण्याआधी व्हॉल्व्ह बघा

इन्स्ट्रुमेंटेशन किंवा केमिकलला असाल, तर व्हायवात 'पीआयडी म्हणजे काय?' हा प्रश्न चुकत नाही. ट्यूनिंग विचारलं की आपलं उत्तर तयार: झिगलर-निकोल्स. उत्तर बरोबरच आहे. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा तळोज्यातल्या एखाद्या केमिकल कारखान्यात तेवढ्यावर भागणार नाही.

गच्चीवरच्या सोलरचं पाणी आठवा. खालच्या मजल्यावर नळ सोडला की आधी पाइपातलं गार पाणी येतं. घाईने नळ आणखी सोडलात, की मिनिटाभराने चटका! मग गार सोडायचं, पुन्हा हुडहुडी. पाणी पोचायला लागणारा वेळ धरलाच नाही, की कंट्रोलरचंही हेच होतं. पी म्हणजे आत्ता जितका फरक, तितका नळ फिरवणं. आय म्हणजे बराच वेळ रेंगाळलेला थोडासा फरक भरून काढणं. आणि डी म्हणजे पाणी किती झपाट्याने तापतंय ते बघून आधीच हात आवरणं.

झिगलर आणि निकोल्स यांनी १९४२मध्ये सांगितलं, की आय-डी बंद ठेवून पीचा गेन वाढवत न्या. रीडिंग एका लयीत वर-खाली होऊ लागलं की थांबा. नुसता पी ठेवायचा तर त्या गेनच्या निम्मा घ्या. लॅबमधल्या टाकीवर हे मजेत जमतं. पण ज्या रिअ‍ॅक्टरमधली रिअ‍ॅक्शन स्वतःच उष्णता सोडतेय, त्याचं तापमान मुद्दाम झुलवायला कोणता शिफ्ट इनचार्ज परवानगी देईल? (दिलीच, तर तुम्ही तिथून निघा.) त्यांनीच दिलेली दुसरी वाट जास्त कामाची आहे. लूप मॅन्युअलवर घ्या, व्हॉल्व्ह थोडासाच उघडा आणि किती वेळाने, किती वेगाने फरक पडतो ते बघत बसा.

आता समजा, ऑटोवर रीडिंग सतत हेलकावतंय आणि मॅन्युअलवर गप्प बसतंय. म्हणजे झोल त्या लूपमध्येच आहे. पण आकडेच चुकलेत असं नाही. बऱ्याचदा व्हॉल्व्ह अडकत असतो: बराच वेळ हलत नाही आणि हलला की जास्तच सरकतो. तिथे लॅपटॉप नाही, पाना लागतो. मॅन्युअलवरही हेलकावे थांबत नसतील, तर आधीचा पंप किंवा वाफेची लाइन तपासा.

हे न बघता नुसते आकडे बदलले, तर दोन दिवसांत ऑपरेटर वैतागून लूप मॅन्युअलवर टाकतो आणि रात्रपाळीभर स्वतःच व्हॉल्व्ह सांभाळत बसतो. इंटर्नशिप मिळाली, तर पहिल्याच दिवशी त्याला विचारा: कोणते लूप मॅन्युअलवर आहेत आणि कधीपासून?