फोनचा कान नमनासाठी घडलेला नाही

शिमगा उरकला की पावस पंचक्रोशीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नमन या लोकनाट्याचे व्हिडिओ फिरू लागतात. चाकरमानी रजा संपवून मुंबईला गेलेला असतो आणि रात्रभर जागून बघितलेला खेळ त्याला लोकलमध्ये उभ्याने पुन्हा बघायचा असतो. त्यातला एखादा व्हिडिओ इयरफोन लावून नीट ऐका. चित्र उत्तम असतं. संकासुराची उंच टोपी, पांढरी दाढी, मृदंगावर पडणारा हात, सगळं लख्ख. आवाजाचं मात्र काहीतरी बिनसलेलं असतं. मृदंगावर जोरकस थाप पडते आणि त्याच क्षणी गाणाऱ्याचा आवाज दबतो. तो सावरून वर येईपर्यंत पुढची थाप पडलेली असते. झांजेचा झणत्कार नाहीसा होऊन नुसती खसखस उरते. गणाच्या शेवटी सगळे मिळून धरतात तो लांब सूर मध्येच विरतो. इतक्यात कोणीतरी माइकवर सांगतो, "मंडळी, पुढच्यांनी जरा बसून घ्या." हे वाक्य मात्र शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येतं.

या एका वाक्यात सगळं कळतं. फोनचा कान माणसाचं बोलणं टिपण्यासाठी घडवलेला आहे. वाद्य, कोरस, सूर यांच्याकडे तो अडथळा म्हणून बघतो. आज कोकणातल्या नमनाची, जाखडीची, भजनाची जवळजवळ सगळी नोंद याच कानातून होते आहे. हे आपण निमूटपणे चालू देऊ नये, एवढंच मला या आठवड्यात सांगायचं आहे.

आधी हा कान काय करतो ते पाहू. फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते. कोणी हळू बोललं तर ती आवाज वाढवते, कोणी ओरडलं तर कमी करते. दोन माणसांच्या संभाषणाला हे सोयीचं आहे. मृदंगाच्या थापेला मात्र ती ओरडणं समजते आणि सगळाच आवाज खाली ओढते. थापेबरोबर गाणंही बुडतं, ते यामुळे. नमनात ठायीपासून द्रुत लयीपर्यंत चढत जाणारा जो जोर असतो, तोच या यंत्रणेत सपाट होतो. सुरुवातीचा संथ गण आणि शेवटचा धुमाकूळ दोन्ही सारख्याच उंचीचे ऐकू येतात.

दुसरी यंत्रणा गोंगाट पुसणारी. तिचं मूळ तत्त्व जुनं आहे. १९७९ साली स्टीव्हन बोल या अमेरिकी संशोधकाने बोलण्यातला गोंगाट कमी करण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कोणी बोलत नसताना जो आवाज सलग चालू असतो, तो गोंगाट. त्याचा अंदाज घ्यायचा आणि एकूण आवाजातून तेवढा वजा करायचा. पंखा, इंजिन, एसी यांच्यासाठी ही पद्धत चोख आहे. पुढे तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, आता तर प्रशिक्षित संगणकीय प्रारूपं हे काम करतात, पण विचार तोच: बोलणं ठेवायचं, सलग चालणारं काढायचं. आपल्या संगीताचा पायाच सलग चालणारा असतो. तानपुरा सलग वाजतो. भजनात पेटीचा षड्ज सलग असतो. बोल यांची पद्धत आली साधारण त्याच सुमारास बेंगळुरूचे जी. राज नारायण इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवत होते, गायकाच्या मागचा तो अखंड स्वर कधी तुटू नये म्हणून. जो स्वर एका अभियंत्याला टिकवावासा वाटला, तोच दुसऱ्याच्या गणितात कचरा ठरला.

टाळेबंदीत हे घरोघरी कळलं. गाण्याचे वर्ग ऑनलाइन झाले. न्यू जर्सीतली मुलगी पुण्यातल्या बाईंकडे शिकायला बसली आणि बाईंना तिचा तानपुराच ऐकू येईना. तिने सा लांबवला की काही क्षणांनी तोही खालावत जाई. झूममध्ये आवाजावरची प्रक्रिया बंद करण्याची सोय आधीपासून होती, पण ती सेटिंगच्या आत दडलेली. संगीताच्या शिक्षकांची गरज ओळखून कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये खास संगीतासाठीचा पर्याय दिला. मागणी झाली की कंपन्या ऐकतात, हे त्यातून घेण्यासारखं.

कोणी म्हणेल, यंत्राने संगीत कापणं काही नवं नाही. खरं आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं, तेव्हापासून पुढची काही दशकं एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल तेवढ्यात बसला, बालगंधर्वांची पदंही बसली. गंमत म्हणजे यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ मध्ये शॉर्ट्सची मर्यादा वाढवली ती नेमकी तीन मिनिटांवर. पण तबकडीची मर्यादा गायकाला आधी ठाऊक होती. काय ठेवायचं, काय गाळायचं ते तो स्वतः ठरवी, आणि त्या बंधनातून नेटकं, रेखीव गाणं जन्माला आलं. फोन काय गाळतो ते ना खेळ्यांना माहीत, ना व्हिडिओ घेणाऱ्याला. माझा आक्षेप कापण्याला कमी आणि न विचारता, न सांगता कापण्याला जास्त आहे.

यात काय पणाला लागलं आहे, ते जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडे बघितलं की कळतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्यासारखा संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारा अभ्यासक त्यांना येऊन मिळाला, आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांपुढे आणतं आहे. ओवीची लय जात्याच्या फिरण्यातून येते. ती घरघर ऐकली की बाई कुठे श्वास घेते, कुठे खुंट्यावर जोर देते ते उमगतं. हेच काम आज एखाद्या हौशी नातवाने फोनवर केलं, तर गोंगाट म्हणून वजा होण्यात पहिला नंबर त्या जात्याचा लागेल. आजीचे शब्द राहतील, तिचं दळण जाईल.

नमनाचं याहून वेगळं नाही. बहुतेक मंडळांकडे फोनवरच्या व्हिडिओंपलीकडे कसलीही नोंद नाही. जुने मृदंगवाले थकत चालले आहेत. मुंबईत वाढलेली पोरं यूट्यूबवर बघून थाप शिकतात, हे चांगलंच आहे. पण दबलेल्या थापेवरून शिकलेला मुलगा दबलेलीच थाप वाजवणार.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की तिथे आणखी एक यांत्रिक कान बसलेला असतो, हक्क तपासणारा. कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी तो प्रत्येक आवाज ताडून पाहतो. सेबास्टियन टॉमझॅक या ऑस्ट्रेलियन संगीतकाराने दहा तासांचा निव्वळ खरखरीचा व्हिडिओ चढवला होता. त्यावर पाच हक्कदावे आले, ही गोष्ट जानेवारी २०१८ मध्ये जगभर गाजली. एक कान संगीताला खरखर समजून पुसतो, दुसरा खरखरीला कोणाच्या तरी मालकीचं संगीत समजतो. शेकडो वर्षांची पारंपरिक आरती गावच्या मंडपात म्हटली, तरी चाल जुळली म्हणून तिच्यावर दावा येऊ शकतो. असा दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकत नोंदवता येते, आणि दावेदाराला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

फोनमधली गोंगाट पुसण्याची सोय मला नकोशी नाही. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरून लेक बोलत असताना तिचं बोलणं आईला नीट कळतं, ते याच तंत्रामुळे. ते राहावंच. मात्र ते बंद करण्याची कळ माझ्या हातात, समोर, मराठी नावासकट हवी. हे अवघडही नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून प्रक्रिया न केलेला आवाज थेट माइकवरून घेण्याची तरतूद त्या प्रणालीत आहे. फोन बनवणाऱ्याने ती चालू ठेवायची आणि कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये तिला जागा द्यायची, इतकंच उरतं. आयफोनमध्ये २०२१ पासून व्हिडिओ कॉलवर आजूबाजूचा सगळा आवाज जसाच्या तसा जाऊ देणारा पर्याय आहे. कॅमेऱ्यात रात्रीसाठी वेगळी कळ, चेहऱ्यासाठी वेगळी कळ देता येते, मग संगीतासाठी का नको? फोन घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो, बॅटरी विचारतो. आवाजाचं विचारायला लागलो, की जाहिरातीतही ते दिसू लागेल.

तोवर मंडळांनी आपल्यापुरतं करण्यासारखं बरंच आहे. व्हिडिओ एका फोनवर आणि आवाज दुसऱ्यावर घ्या. आवाजाच्या फोनवर असं रेकॉर्डिंग अ‍ॅप ठेवा, ज्यात आपोआप पातळी बदलणं आणि गोंगाट कमी करणं बंद करता येतं आणि फाइल 'वेव्ह' प्रकारात साठवता येते. खेळ सुरू होण्याआधी मृदंगवाल्याला सगळ्यात जोराची थाप मारायला सांगून पातळी लावा, मग रात्रभर तिला हात लावू नका. फोन कर्ण्यासमोर ठेवू नका; खेळ्यांच्या समोर, चार पावलं मागे, काठीला बांधून ठेवा. जमत असेल तर मंडळाच्या पैशातून एक छोटा हातातला रेकॉर्डर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती आक्रसत नाही. दोन जीबीपर्यंत जाते. आणि मूळ फाइल दोन वेगवेगळ्या घरी ठेवा, तारीख, गाव, खेळ्यांची नावं लिहून.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे भजनाची ये-जा बारमाही. त्यामुळे ही शिस्त शिमग्यापुरती ठेवायचं कारण नाही. भजनी मंडळांनाही ती तितकीच लागू आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मृदंग कोण वाजवणार, संकासूर कोण होणार हे ठरेलच. त्याच यादीत आणखी एक नाव लिहा: आवाज कोण सांभाळणार. त्या पोराला तालमीपासून बसवा, आणि त्याचं नाव खेळ्यांच्या बरोबरीने पुकारा.