आधी परवाना, मग कुऱ्हाड

"झाड माझ्या अंगणातले, लावले माझ्या आजोबांनी, मग तोडायला सरकारचा कागद कशाला?" खांडबारा-नवापूर भागात हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो, आणि तो वावगाही नाही. सरकारने राखून ठेवलेली झाडे सोडली, तर आपल्या जमिनीवरचे झाड जमीनधारकाचेच, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे २५ वे कलम सांगते. पण झाड आपले असले, तरी ते हवे तेव्हा पाडण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही.

झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा १९६४ सालचा आहे. त्यात झाडांची यादीच दिली आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, बिजा, हलदू, तिवस ही त्यातली आपल्या ओळखीची. यांना हात लावण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. कडुनिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. तरीही लाकूड गाडीत भरण्यापूर्वी वनखात्यात विचारून घ्यावे, कारण वाहतुकीचे नियम निराळे आहेत. नवापूर, नंदुरबार या नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा चालतो. तिथे अर्ज नगरपालिकेकडे करायचा.

झाड वाळले, रोगाने पोखरले, वाऱ्याने कलंडले किंवा घरावर पडेल अशी भीती असेल, तर ही कारणे कायदा मानतो. तेव्हा अर्जात कारण स्पष्ट लिहा. झाड कुठले, किती, घरापासून किती अंतरावर, तेही लिहा. शेतातल्या झाडासाठी सातबारा, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. परवानगीबरोबर दुसरे झाड लावण्याची अट येऊ शकते, ती पाळा.

आता सर्वांत महत्त्वाचे. लाकडाचा व्यापारी दारात येतो, सागाकडे बोट दाखवतो, हातावर थोडे पैसे ठेवतो आणि म्हणतो, "परवानगीचे मी बघतो, काका." इथेच सावध व्हा. आदिवासी खातेदारांच्या झाडांची विक्री कशी व्हावी यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा चालत नाही. मोलाचे लाकूड मातीमोल जाऊ नये, हाच त्याचा हेतू. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला, त्यामुळे या कामासाठी आता धुळ्याला जावे लागत नाही.

विनापरवाना तोड झाली तर दंड होतो, लाकूडही जप्त होऊ शकते. व्यापारी तोवर पुढच्या गावी गेलेला असतो; सातबाऱ्यावर नाव मात्र तुमचे असते. म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका, आणि परवाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बुंध्याला कुऱ्हाड लागू देऊ नका. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

एवढे करूनही अर्ज देण्याआधी घरच्या बायकांना एकदा विचारा. मोह वेचतात त्या, चिंच फोडून विकतात त्या. उभे झाड घराला वर्षाला काय देते, याचा हिशेब त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो.