पुरळ घरी उठते, नोंद कुठेच होत नाही

हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियमयुक्त किरणोत्सारी औषध शिरेतून टोचतात, तीन-चार तासांनी चित्र घेतात आणि रुग्ण घरी जातो. या औषधाने क्वचित अंगावर पुरळ उठते, खाज सुटते. तीही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर रुग्ण मुंबईहून परभणीला पोचलेला असतो. गावातले डॉक्टर ॲलर्जीची गोळी देतात, पुरळ बसते. जिथे सुई टोचली, तिथे कुणाला पत्ता लागत नाही. लागला तरी ‘किरकोळ’ म्हणून विषय संपतो.

किरणोत्सारी औषधांची मात्रा अत्यल्प असते आणि गंभीर प्रतिक्रिया विरळ, हे खरेच. पण विरळ गोष्ट एकट्या इस्पितळाला ओळखू येत नाही. अमेरिकेत अपेंडिक्सच्या सुजेच्या निदानासाठी ‘न्यूट्रोस्पेक’ हे टेक्नेशियमयुक्त औषध २००४ मध्ये मंजूर झाले. टोचल्यावर काही मिनिटांत श्वास आणि हृदयक्रिया कोलमडल्याच्या तक्रारी जमा होत गेल्या, दोन रुग्ण दगावले आणि डिसेंबर २००५ मध्ये विक्री थांबली. तक्रारी कळवल्या गेल्या, म्हणूनच हे घडू शकले.

प्रतिक्रियेला कारण बहुधा किरणोत्सार नसतो, औषधातला रासायनिक घटक असतो. त्यामुळे किरणोत्साराची चोख मोजदाद ठेवणाऱ्या अणुवैद्यक विभागातूनही ती निसटते. शिवाय हे औषध त्याच सकाळी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत किटमधून तयार होते. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे. त्यामुळे ते औषध त्याच दिवसापुरते असते. किटचा बॅच क्रमांक, तयार केल्याची वेळ आणि मात्रा रुग्णाच्या नावापुढे तेव्हाच लिहिली नसेल, तर पुढे शोध कशाचा घेणार?

देशात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम सुरू आहे. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. तिथे अशा प्रतिक्रिया केवळ डॉक्टरांनीच नव्हे, परिचारिका आणि औषधनिर्मात्यांनीही कळवावे अशी अपेक्षा आहे. संबंध सिद्ध करायची गरज नाही, संशय पुरेसा आहे. कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहते. तरीही आपल्यावरच ठपका येईल ही धास्ती जात नाही. ती घालवणे विभागप्रमुखांचे काम आहे.

तुर्भ्याची अणुभट्टी, वाशीचे समस्थानिक केंद्र, परळला १९६३ पासून चालणारे रेडिएशन मेडिसिन सेंटर: अणुवैद्यकाचे माहेर महाराष्ट्रात आहे. प्रतिक्रिया नोंदवण्याची सुरुवातही इथूनच व्हावी. प्रत्येक विभागाने दुसऱ्या दिवशी रुग्णाला फोन करावा, आणि हाती देण्याच्या कागदावर ‘काही त्रास झाल्यास इथे कळवा’ असे मराठीत, क्रमांकासह छापावे. ल्युटेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे कर्करोग-उपचार आता वाढत आहेत. ते महिनोन्‌महिने चालतात आणि मूत्रपिंड वा अस्थिमज्जेवरचा परिणाम उशिरा दिसतो. तिथे एका फोनने भागणार नाही; रुग्णाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करावा लागेल आणि त्यासाठी माणूस नेमावा लागेल.